बंब कोणाच्या पैशाचा?

हातातलं काम चालू राहू द्या, कान तेवढे इकडे द्या. आज मी तुम्हाला आगीच्या बंबाची आणि रुग्णवाहिकेची गोष्ट सांगणार आहे. गोष्ट म्हटलं तरी ती हिशेबाची आहे, आणि हिशेब तर आपल्या गटातल्या बाईइतका कोणाला कळतो?

सुरुवात आमच्या वस्तीपासून करते. पाच-सहा वर्षं झाली. शाळू काढून झाला होता, कडब्याच्या गंज्या रचून झाल्या होत्या. दुपारची वेळ, वारा सुटलेला. माझ्या जाऊबाईंच्या गोठ्यामागची गंजी पेटली. कशानं पेटली ते आजपर्यंत कळलं नाही. कोणी म्हणालं तारेची ठिणगी, कोणी म्हणालं विडी. दहा मिनिटांत गोठ्याचं छप्पर धरलं. पोरांनी तालुक्याला फोन लावला. तालुका आमच्यापासून बावीस किलोमीटर. आम्ही बायका विहिरीपासून हंड्यांची रांग लावून उभ्या राहिलो. हंडा हातातून हातात जातो तेव्हा निम्मं पाणी लुगड्यावरच सांडतं, हे त्या दिवशी कळलं. म्हैस सोडवली, रेडकू राहिलं.

बंब आला तो एक तास वीस मिनिटांनी. तोवर गंजीची राख झाली होती, गोठ्याच्या नुसत्या मेढी उभ्या होत्या. बंबावर माणसं दोन, एक ड्रायव्हर आणि एक जवान. वस्तीतल्या पोरांनी ड्रायव्हरची गचांडी धरली. खोटं कशाला सांगू, मीही त्याला नाही नाही ते बोलले. तो काही उलटून बोलला नाही. आधी धुमसती राख विझवली, मग पायरीवर बसून पाणी मागितलं आणि म्हणाला, "ताई, सकाळपासून मी एकटाच ड्रायव्हर आहे. उसाची आग विझवून परत निघालो तर तुमची वर्दी आली. टाकी मोकळी. मोकळा बंब घेऊन येऊ का?"

त्यांच्या भाषेत आगीच्या निरोपाला वर्दी म्हणतात. साध्या बंबाच्या टाकीत साडेचार हजार लिटरच्या आसपास पाणी मावतं. दोन नळ्या जोरात सोडल्या की काही मिनिटांत टाकी संपते. मग पुन्हा भरायला परत जा, नाहीतर जवळ कुठे विहीर, तळं असेल तर मोटर लावा. तो खरं बोलत होता. तेव्हा मला प्रश्न पडला. तालुक्याच्या एवढ्या गावांना मिळून बंब एक, ड्रायव्हर एक. हे ठरवलं कोणी? आणि या बंबाला पैसे कोण देतं?

उत्तर शोधायला जरा मागे जावं लागतं, तेही मुंबईला. १८०३ साली मुंबईच्या किल्ल्याच्या आतल्या वस्तीला मोठी आग लागली आणि बाजारपेठ जळून गेली. पुढे मुंबई वाढत गेली, कापसाच्या गाठींची गोदामं झाली, गिरण्या झाल्या. जिथे मोलाचा माल साठतो तिथे आग विझवायची सोय आधी होते. १८८८ साली मुंबई महापालिकेचा कायदा झाला. अग्निशमन दल ठेवणं हे पालिकेचं बंधनकारक काम आहे, असं त्यात लिहिलं गेलं. म्हणजे मनात आलं तर करा असं नाही, करावंच लागेल.

जिल्ह्या-तालुक्यांच्या छोट्या शहरांसाठी १९०१ साली वेगळा कायदा आला. रस्त्यावर दिवे लावायचे, झाडलोट करायची, त्याच यादीत आग विझवणं आणि आगीच्या वेळी माणसांचं, मालमत्तेचं रक्षण करणं हेही आलं. स्वातंत्र्यानंतर, १९६५ साली, महाराष्ट्राचा नगरपालिकांचा कायदा झाला. त्यातही हे काम पालिकेच्या कर्तव्यांत राहिलं. कर्तव्य लिहिलं खरं. ते पार पाडायला पैसा कुठून आणायचा, तो प्रत्येक गावानं आपापल्या तिजोरीतून आणायचा.

आणि ती तिजोरी भरायची जकातीनं.

आपल्यातल्या जुन्या बायकांना जकातनाका आठवत असेल. माझ्या सासूबाई सांगायच्या, बाजाराच्या दिवशी भुईमुगाच्या शेंगा नाहीतर तुपाचा डबा घेऊन गाडीतून निघालं की गावाच्या वेशीवर नाक्यावर थांबायचं. शिपाई गाडी बघणार, पावती फाडणार, पैसे घेणार, मग आत सोडणार. सासूबाई त्याला 'वेशीवरचा देव' म्हणायच्या, नैवेद्य दिल्याशिवाय पुढे जाऊ देत नाही म्हणून. शहरात येणाऱ्या मालावरचा तो कर, आणि नगरपालिकेचं मोठं उत्पन्न तेच. त्यातून दिवाबत्ती व्हायची, झाडूवाल्यांचे पगार व्हायचे, आणि बंब असेल तर त्याच्या ड्रायव्हरचा पगारही व्हायचा.

आता नीट बघा. माल कुणाचा? खेड्यातला. जकातीचा भार कुणावर? काही व्यापाऱ्यावर, काही गिऱ्हाइकावर, आणि काही भाव पाडून घेणाऱ्या शेतकऱ्यावर. म्हणजे तालुक्याचा बंब नुसत्या तालुक्याच्या पैशाचा कधीच नव्हता. आमच्या सासूबाईंच्या शेंगांचे पैसे त्यात होते. तरीपण आम्ही फोन करतो तेव्हा आवाज खाली घेऊन करतो, दुसऱ्याच्या दारात ताक मागायला गेल्यासारखा. हद्दीबाहेर आलेल्या बंबाचं भाडं मागायची पद्धतही पुष्कळ ठिकाणी आहे. घर जळालेल्या बाईच्या हातात पावती द्यायची वेळ त्या बिचाऱ्या जवानावर येते.

१९९९ साली राज्यातल्या नगरपालिकांची जकात बंद झाली. लोकांना बरं वाटलं, नाक्यावरची कटकट गेली. पण पालिकेचं स्वतःचं, रोज हातात येणारं उत्पन्न गेलं. बदल्यात सरकारी अनुदान आलं. अनुदान म्हणजे माहेरचा पैसा. येतो, पण कधी येईल आणि किती येईल ते आपल्या हातात नसतं. घरपट्टी, पाणीपट्टी उरली, ती वसूल होता होता नगराध्यक्षाची मुदत संपते. अशा पालिकेत कात्री आधी कुठे लागते? रोज न दिसणाऱ्या कामाला. कचरा चार दिवस उचलला नाही तर लोक मोर्चा आणतात. बंबाचा चौथा माणूस नेमला नाही तर कोणाला पत्ता लागत नाही, आग लागेपर्यंत.

इथे थोडा हिशेब मांडू. एका बंबावर ड्रायव्हर धरून पाच माणसं तरी हवीत. एक गाडी आणि पंप सांभाळणार, दोघं पुढे नळी धरणार, कारण जोराच्या पाण्याची नळी एकट्याला आवरत नाही. एक माणूस आत अडकलेल्यांना बघणार, एक सगळ्यांवर नजर ठेवून सांगणार. आग दिवस-रात्र बघत नाही, म्हणून आठ-आठ तासांच्या तीन पाळ्या. पाच त्रिक पंधरा. प्रत्येकाला आठवड्याची सुट्टी धरली की अठरा. रजा, आजारपण, प्रशिक्षण धरलं की वीस-एकवीस. एका बंबाला एकवीस माणसं! बाहेरचा माणूस हसेल, म्हणेल दिवसभर पत्ते खेळत बसणाऱ्यांना पगार द्यायचा का? पण आपण गटात तातडीच्या गरजेसाठी रक्कम बाजूला ठेवतो, तिला कोणी आळशी पैसा म्हणत नाही. आग लागली नाही त्या दिवशीही तयारीचा खर्च तेवढाच असतो. छोट्या गावाच्या गळ्याला नेमकं हेच ओझं होतं. शंभर वर्द्या येवोत की दहा, माणसं तेवढीच लागतात, आणि पट्टी भरणारी घरं मात्र थोडी.

शिवाय भरती पालिकेच्या एकटीच्या हातात नाही. किती पदं असावीत याचा आकृतिबंध सरकारकडून मंजूर व्हावा लागतो. मंजूर पद रिकामं राहिलं की ठेकेदाराकडून माणूस येतो. आज आगीवर, उद्या पाण्याच्या टँकरवर, परवा अतिक्रमण काढायला. त्याला शिकवायचं कोणी, आणि शिकवलेला माणूस तुटपुंज्या पगारावर टिकायचा कसा?

न शिकता आगीत जाता येत नाही. शिकून गेलेलेही परत येत नाहीत, असं मुंबईनं पाहिलंय. १४ एप्रिल १९४४. महायुद्ध चालू होतं. मुंबईच्या गोदीत फोर्ट स्टिकीन नावाच्या जहाजात दारूगोळाही होता आणि कापसाच्या गाठीही होत्या. दुपारी कापसानं पेट घेतला. बंबवाले आले, विझवत राहिले, आणि चारच्या सुमाराला जहाज फुटलं. अग्निशमन दलाचे ६६ जण त्यात गेले. म्हणून दरवर्षी १४ ते २० एप्रिल हा अग्निशमन सेवा सप्ताह पाळतात. आपण त्या दिवशी बाबासाहेबांच्या जयंतीच्या मिरवणुकीत असतो, त्यामुळे ही दुसरी आठवण मागे पडते. मिरवणुकीच्या कडेला बंब उभा दिसला तर त्यातल्या माणसांशी दोन शब्द बोलून बघा.

अशा कामाचं शिक्षण देणारं देशाचं मोठं महाविद्यालय आपल्या नागपुरात आहे, राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय. १९५६ साली ते उत्तर प्रदेशात रामपूरला सुरू झालं आणि पुढच्याच वर्षी नागपूरला आलं. तिथे २००२ पर्यंत एकही मुलगी शिकली नव्हती. त्या वर्षी नागपूरच्याच हर्षिनी कान्हेकर यांनी प्रवेश घेतला. सगळी मुलं, एकटी मुलगी. त्याच जड नळ्या, त्याच शिड्या, त्याच परीक्षा. देशातली पहिली महिला फायरफायटर म्हणून त्यांचं नाव झालं आणि पुढे तेल काढणाऱ्या सरकारी कंपनीच्या अग्निशमन विभागात त्या गेल्या. आपल्या पोरींना पोलीस भरती माहीत असते, या भरतीचं कोणी सांगत नाही. हंड्यांची रांग लावताना मात्र सगळ्या बायकाच असतात.

आता मी ज्यासाठी बोलायला बसले ती गाठ सोडवते. १९९२ साली घटनेत दोन दुरुस्त्या झाल्या आणि १९९३ साली त्या लागू झाल्या. त्र्याहत्तरावी आपल्याला चांगली माहीत आहे. तिच्यामुळे तर आपल्यातल्या कित्येकजणी सरपंच झाल्या, सदस्य झाल्या. तिच्यासोबत घटनेला अकरावं परिशिष्ट जोडलं गेलं, पंचायतींकडे देता येतील अशा २९ विषयांचं. शेती, पाणी, रस्ते, वीज, शाळा, दवाखाना, जत्रा, बाजार, ग्रंथालय, सगळं त्यात आहे. शहरांसाठी चौऱ्याहत्तरावी दुरुस्ती आणि बारावं परिशिष्ट, १८ विषयांचं. त्या यादीत सातव्या क्रमांकावर आहे अग्निशमन सेवा. आमच्या २९ मध्ये ती कुठे आहे म्हणून मी बोट ठेवून दोनदा वाचलं. नाही.

म्हणजे कागदानं बघितलं तर आग शहरात लागते. गंजी, गोठा, कुडाचं घर, उसाचा फड, गॅसची टाकी हे सगळं खेड्यात, आणि बंबाची जबाबदारी शहराच्या यादीत. तालुक्याच्या पालिकेनं आपल्या हद्दीतल्या घरांच्या पट्टीवर बंब ठेवायचा आणि हद्दीबाहेरच्या सगळ्या गावांना माणुसकीवर पाठवायचा. माणुसकीनं येतात, हे त्यांचे उपकारच. जवळ साखर कारखाना असेल, एमआयडीसी असेल तर तिथला बंबही धावून येतो. पण माणुसकीच्या भरवशावर एकवीस माणसांचे पगार होत नाहीत. त्या ड्रायव्हरची गचांडी धरली तेव्हा आम्ही चुकीच्या माणसाला धरलं होतं.

रुग्णवाहिकेची वाट मात्र वेगळी झाली. आधी तिचीही गत अशीच होती. अडलेली बाई बैलगाडीतून नाहीतर झोळीतून निघायची. प्राथमिक आरोग्य केंद्राला जीप असायची, पण कधी डिझेल नसायचं, कधी ड्रायव्हर नसायचा. मग पुढारी आणि संस्था रुग्णवाहिका भेट देऊ लागले. गाडीवर देणाऱ्याचं नाव हातभर अक्षरात, नारळ फुटला, फोटो निघाला. गाडी देणारे पुष्कळ भेटतात. ड्रायव्हरचा दर महिन्याचा पगार भेट देणारा मी अजून पाहिला नाही! अशा गाड्या वर्षा-दोन वर्षांत दवाखान्यामागे गवतात उभ्या दिसतात.

२००५ साली देशात ग्रामीण आरोग्य अभियान आलं, ज्यातून आपल्या आशाताई आल्या. त्याच वर्षी १५ ऑगस्टला हैदराबादेत १०८ क्रमांकाची सेवा सुरू झाली. महाराष्ट्रात ती २६ जानेवारी २०१४ ला आली, एकूण ९३७ गाड्या घेऊन. त्यातल्या २३३ मध्ये अतिगंभीर रुग्णांसाठीची जास्तीची सामग्री, बाकी ७०४ साध्या. गाडीत ड्रायव्हरबरोबर डॉक्टरही दिला. २०११ च्या जनगणनेत राज्याची लोकसंख्या सव्वाअकरा कोटींच्या घरात होती. भागून बघा, साधारण एक लाख वीस हजार माणसांमागे एक गाडी. पुरेशी नाही, वाट बघावी लागते, डोंगरातल्या वाडीला तर फारच. पण फरक कुठे पडला ते बघा. पैसे कुठल्या एका पालिकेच्या घरपट्टीतून येत नाहीत, राज्याच्या आणि केंद्राच्या तिजोरीतून येतात. गाडी हद्द विचारत नाही. फोन एकाच ठिकाणी जातो आणि जवळची गाडी निघते. बाळंतपणासाठी १०२ ची गाडी आहे, त्यात आणायचा-सोडायचा पैसा घ्यायचा नाही असं २०११ च्या जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमात ठरलं. म्हणून १०८ ला फोन करताना आपला आवाज खाली जात नाही.

दुखणं इथेही आहेच. माणसं कंत्राटी. कंपनीला ठेका, ठेकेदाराचा ड्रायव्हर, पगार थकला की संप, आणि संपाच्या दिवशी कोणाची तरी सून अडलेली. तेव्हाही आपण ड्रायव्हरलाच बोलतो.

परदेशात कसं करतात म्हणून विचाराल. अमेरिकेतल्या आणि जर्मनीतल्या छोट्या गावांत बंबावरची बरीचशी माणसं बिनपगारी असतात. कोणी शेतकरी, कोणी दुकानदार. फोन आला की हातातलं टाकून धावतात. अमेरिकेत गावच्या बायकांनी मंडळं करून, जेवणं घालून, केक विकून बंबाला पैसे जमवले, पिढ्यान् पिढ्या. आपल्या गटांसारखंच की! पण आता तिथेही तरुण कामाला लांबच्या शहरात जातात, गावात म्हातारे उरतात आणि स्वयंसेवक कमी पडतात. नुसत्या सेवाभावावर चालणारी गोष्ट एक ना एक दिवस थकते. शिवाय त्यांचे स्वयंसेवक शिकलेले असतात, अंगात आगीचे कपडे असतात, हातात नळी असते. आपल्या हातात हंडा.

पैसा येतच नाही असंही नाही. २००६ साली महाराष्ट्राचा आग प्रतिबंधक कायदा झाला, पण त्याचा रोख जास्त करून मोठ्या इमारतींकडे, जिन्यांकडे, पाण्याच्या टाक्यांकडे. पंधराव्या वित्त आयोगाच्या शिफारशीवरून केंद्रानं २०२३ साली राज्यांच्या अग्निशमन सेवांसाठी ५,००० कोटींची योजना काढली, राज्यांनीही आपला वाटा घालायचा. नाव विस्तार आणि आधुनिकीकरण. केंद्रं उभी राहतील, गाड्या येतील. माझं लक्ष आहे ते गाडीत बसणाऱ्या पाच माणसांकडे. वाढत्या गावांच्या तालुक्यात दोन-तीन मोठ्या गावांच्या मध्ये एक बंब, त्याचे पगार जिल्ह्यानं नाहीतर राज्यानं द्यायचे, असं झालं तर बावीस किलोमीटरचे आठ होतील. हे माझं मत आहे, तुमचं वेगळं असेल.

मागच्या ग्रामसभेत आमच्या गटानं हा विषय मांडला. पाणंद रस्त्याचा बंबाला येण्याइतका रुंद भाग मोकळा करा, सार्वजनिक विहिरीवर बंबाची नळी लागेल अशी जोडणी ठेवा, आणि आमच्या भागाला बंबाचं ठाणं मिळावं असा ठराव जिल्ह्याला पाठवा, अशी तीन मागणी. पहिल्या दोन लगेच लिहून घेतल्या. तिसरीला ग्रामसेवक भाऊ चष्मा वर करून म्हणाले, "ताई, हे आपल्या यादीत बसत नाही, कुठे लिहू?" जाऊबाई शेजारीच बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "ऐनवेळचे विषय असतात ना शेवटी, तिथे लिहा." त्यांनी तिथे लिहिलं. ठरावाची नक्कल मी मागून घेतलीय. जिल्ह्याचं उत्तर आलं की पुढच्या कार्यक्रमात वाचून दाखवते.